कँटरबरीचे धर्मपीठ आणि उत्तरदायित्व

धर्मपीठाचा अधिकार परंपरेने मिळतो. टिकतो तो मात्र विश्वासावर. ख्रिस्ती शिबिरांशी संबंधित एका वकिलाने शंभराहून अधिक मुलांवर व तरुणांवर केलेल्या अत्याचारांची माहिती २०१३ मध्ये मिळूनही पुरेसा पाठपुरावा झाला नाही, असा ठपका चौकशी अहवालाने ठेवला आणि कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीनामा जाहीर केला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये १०६व्या आर्चबिशप म्हणून सारा मुलाली यांचे नाव घोषित झाले. एकेकाळी परिचारिका असलेल्या मुलाली या पदासाठी निवडल्या गेलेल्या पहिल्या महिला होत.

परंतु अँग्लिकन पंथात कँटरबरीला पोपसारखी सत्ता नाही. देशोदेशींची चर्च स्वायत्त आहेत. साम्राज्याच्या छायेत जगभर पसरलेल्या या पंथाचे लोकबळ आज नायजेरिया, युगांडा अशा देशांत आहे. तेथील परंपरानिष्ठांना महिलांचे बिशपपद आणि समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद हे विषय खटकतात. २००८ मध्ये स्थापन झालेल्या ‘गॅफकॉन’ या त्यांच्या संघटनेने मुलाली यांच्या निवडीला उघड विरोध केला.

हा दुभंग सांधणे कोणा एका आर्चबिशपच्या हाती नाही. पीडितांचे ऐकणे आणि दोष न झाकणे मात्र निश्चित हाती आहे. पीठाची प्रतिष्ठा त्यावरच ठरेल.