आधी लाकडाचं ग्लायडर

मी तोफखान्यातला निवृत्त कर्नल. शिक्षण बी.ए., तेही इतिहासात. आज मी विमान बनवण्यावर बोलणार म्हटल्यावर सौभाग्यवतींनी विचारलं, "अहो, पण तुम्हाला बोलावलं कुणी?" प्रश्न रास्त आहे. माझी पात्रता एकच, मी स्वतः बनवलेलं विमान स्वतः पाडलं आहे.

हे विमान म्हणजे एचएफ-२४ मारुत. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक मारुत ठेवलेलं आहे. तुमच्यापैकी अनेकांनी मुलांना त्याच्यापुढे उभं करून फोटो काढले असतील. जर्मन अभियंता कुर्ट टँक आणि बंगळुरूमधले आपले अभियंते यांनी ते घडवलं. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा आकाशात नेलं. एकूण १४७ मारुत बनली आणि १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर लढली.

निवृत्तीनंतर मी सिकंदराबादला स्थायिक झालो, तेव्हा ठरवलं की उडणारं मारुत बनवायचं. तयार किट मिळेना, म्हणून आराखड्यापासून सुरुवात केली. प्रमाण घेतलं एकास बारा. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ९ मीटर, म्हणजे माझे ७५ सेंटीमीटर. लांबी १५.८७ मीटर, म्हणजे माझी सुमारे १३२ सेंटीमीटर.

इथे पहिला धडा मिळाला. लांबी बारा पटींनी घटली की पंखाचं क्षेत्रफळ १४४ पटींनी घटतं आणि वजन १,७२८ पटींनी. रिकामं मारुत सुमारे ६,२०० किलोचं, त्या हिशेबानं मॉडेल साडेतीन किलोच्या वर जातं. एवढ्याशा पंखांवर ते उतरवणं म्हणजे दगड उतरवणं. मला ते पावणेदोन किलोत बसवायचं होतं.

म्हणून बाल्सा. पण बाल्सा बाल्सात फरक असतो. दीड मिलिमीटर जाडीच्या, एकाच मापाच्या दोन फळ्या घ्या. एक १४ ग्रॅम भरते, दुसरी २७. दिसायला जुळ्या बहिणी! मी स्वयंपाकघरातला वजनकाटा ताब्यात घेतला आणि प्रत्येक फळीवर पेन्सिलीनं वजन लिहिलं. जड, कणखर फळ्या पंखाच्या मुख्य आडव्या पट्टीसाठी. सगळ्यात हलक्या शेपटीसाठी, कारण शेपटीतल्या जादा वजनाला तोलायला नाकात शिसं भरावं लागतं.

खऱ्या मारुतला दोन ऑर्फियस इंजिनं होती. मी धडात ७० मिलिमीटरचा एकच विजेवरचा पंखा बसवला. दोन्ही बाजूंच्या हवेच्या तोंडांपासून पंख्यापर्यंत पातळ प्लास्टिकची नळी केली, आतून गुळगुळीत. मागचं तोंड पंख्याच्या वर्तुळापेक्षा थोडं लहान ठेवलं, म्हणजे हवा वेगानं बाहेर पडते.

सहा महिने गेले. रंग झाला, पंखांवर तिरंगी वर्तुळं आली. खालच्या मजल्यावरचा अकरावीतला मुलगा रोज पॉलिशपेपर मारायला यायचा. तो म्हणाला, "अंकल, उडवायच्या आधी ह्याचं छोटं ग्लायडर करून फेकून बघू या का? तोल कळेल."

मी म्हणालो, "बेटा, आकडेमोड झालेली आहे."

तोफखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आकडेमोडीचा अभिमान असतो. मैदानात रबरी दोरीनं विमान सोडलं. त्यानं नाक वर केलं, आणखी वर केलं, हवेत थबकलं आणि पाठीवर पडलं. पाच-सहा सेकंदांत सहा महिने संपले. मुलगा काहीच बोलला नाही. निमूटपणे तुकडे पिशवीत भरू लागला. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

रात्री आराखडा पुन्हा काढला. मागे झुकलेल्या पंखाचा तोल साधायला त्याची सरासरी रुंदी कुठे येते ते शोधावं लागतं आणि तिच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव अंतरावर तोलाची खूण करावी लागते. ती जागा पंखाच्या बुंध्याकडून मोजायची असते. मी टोकाकडून मोजली होती. खूण सुमारे पाच सेंटीमीटर मागे गेली होती, आणि मी विमान त्या चुकीच्या खुणेवर अगदी अचूक तोललं होतं!

मग एक गोष्ट आठवली, जी मी वाचली होती पण ऐकली नव्हती. मारुत बनवण्याआधी टँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच आकाराचं, पूर्ण मापाचं लाकडी ग्लायडर केलं होतं. १९५९ मध्ये ते डकोटा विमानामागे बांधून वर नेलं आणि सोडून तपासलं. इतकी मोठी माणसं, तरी आधी लाकडात खात्री करून घेतली. खऱ्या विमानात चुकीची किंमत माणूस मोजतो. १९७० साली सुरंजन दास मारुतच्याच एका चाचणी उड्डाणात गेले. माझं नुकसान फक्त लाकडाचं आणि थोडं अहंकाराचं.

दुसऱ्या दिवशी मी जिना उतरून त्या मुलाकडे गेलो. म्हणालो, "चल, तुझं ग्लायडर करू." मॉडेलच्या एक तृतीयांश मापाचं, सपाट फळीचं, नाकाला मळलेली माती. नाक वर करून पडलं की माती वाढवायची, सरळ खाली गेलं की काढायची. वीसेक फेकीत ते गवतावरून सरळ तरंगत गेलं. तोलाचं अंतर तिप्पट केलं, तर दुरुस्त केलेल्या आकड्याशी जुळलं. खर्च एक फळी, एक संध्याकाळ.

दुसरं मारुत पाच महिन्यांत झालं. पहिल्या उड्डाणाला रिमोट माझ्या हातात होता, पण "सोडू का?" हे मी त्या मुलाला विचारलं. त्यानं पंखाखाली दोन बोटं धरून तोल पाहिला आणि मान हलवली. चार मिनिटं उडालं. उतरताना एक पंख घासला, तेवढंच.

तुम्ही विमान करा, घर बांधा, नाहीतर नवा धंदा काढा. पहिली चूक होणारच. ती छोट्या मापात, स्वस्त लाकडात करा. आणि हे सांगणारं माणूस तुमच्यापेक्षा पन्नास वर्षांनी लहान असलं, तरी ऐका.

जय हिंद.