नेतृत्वाचे प्रकार आणि गावाचा कारभार



नेता म्हणजे अधिकारपदावरील व्यक्ती, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः अधिकार आणि नेतृत्व या भिन्न गोष्टी होत. नेतृत्वाचे प्रकारही अनेक आहेत.

पहिला प्रकार आज्ञेचा. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते संस्थानभर लागू केले. लोकमत अनुकूल होण्याची वाट पाहिली असती, तर कित्येक मुले निरक्षर राहिली असती. मात्र अशा नेतृत्वाचे यश राज्यकर्त्याच्या विवेकावर अवलंबून असते. तोच अधिकार अविवेकी हाती गेल्यास प्रजेपाशी उपाय उरत नाही.

दुसरा प्रकार प्रेरणेचा. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सभाबंदी मोडली. त्यांच्या हाती तेथे सत्ता नव्हती की पद नव्हते. त्यांना अटक झाली. पण लोकांच्या मनातील भीती ओसरली. तथापि गोवा मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मध्ये. मधली पंधरा वर्षे तुरुंगवास सोसून ती ठिणगी जपणारे कार्यकर्ते हेही नेतेच होत.

तिसरा प्रकार लोकनियुक्त नेतृत्वाचा. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचा पक्ष महाराष्ट्रातील विलीनीकरणाचा पुरस्कर्ता होता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात बहुसंख्यांनी विलीनीकरण नाकारले. तरी त्याच वर्षी निवडणुकीत त्यांच्याच हाती कारभार सोपविला. मतभेद आणि विश्वास एकत्र नांदू शकतात, हे लोकांनी दाखवून दिले.

गावाला हे तिन्ही गुण प्रसंगपरत्वे लागतात. पूर आला असता तत्काळ आज्ञा हवी. स्वच्छतेसाठी स्वतः झाडू हाती घेणारा हवा. निधीचा विनियोग मात्र ग्रामसभेत विचारविनिमयानेच ठरावा. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतीत स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखल्या. निवडून आलेल्या सरपंचबाईंनी केवळ सही करावी आणि कारभार पतीने हाकावा, हे वरीलपैकी कोणत्याच प्रकारात बसत नाही.

नेता गावी नसतानाही नळाला पाणी येते काय, शाळा वेळेवर भरते काय, ग्रामसभेत प्रश्न विचारले जातात काय, हीच नेतृत्वाची खरी कसोटी होय.