बोगोटातला मुक्काम



कोलंबियातून मूल दत्तक घेणाऱ्या परदेशी आईबाबांना
तिथं काही आठवडे राहावं लागतं.

मूल आधी भेटतं.
कोर्टाचा निकाल नंतर येतो.

आधी सरकारी बालकल्याण संस्था पाहते,
मूल आणि आईबाबा एकमेकांशी रुळले का.
मग कोर्टाचा निकाल.
मग नवा जन्मदाखला.
मग पासपोर्ट.

तोवर अनेक कुटुंबं राजधानी बोगोटात राहतात.

हे शहर फार उंचावर आहे.
सुरुवातीला चार पावलं चाललं तरी धाप लागते.
हवा गार. पाऊस केव्हाही.

भाषा स्पॅनिश.
मूल तीच बोलतं.
म्हणून भूक, पाणी, झोप यांचे शब्द
आईबाबाच आधी शिकतात.

जेवायला आहियाको.
म्हणजे कोंबडी, मका आणि तीन जातींचे बटाटे घातलेलं दाट सूप.

रविवारी सकाळी काही मोठे रस्ते गाड्यांना बंद होतात.
सायकली, स्केट्स, चालणारी माणसं.
१९७४ पासूनची ही प्रथा.
मुलाचा हात धरून फिरायला उत्तम.

पुन्हा सांगते.
मूल आधी, कागद नंतर.

श्रोतेहो, ओळखीतलं कुणी मूल दत्तक घेत असेल,
तर ‘निकाल कधी?’ असं सारखं विचारू नका.
‘बाळ रुळलं का?’ एवढंच विचारा.