बिनपायरीचे घर



बंगळूर शहराच्या दक्षिण अंगाला जे. पी. नगर ही वसाहत आहे. तीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब अशा आखीव भूखंडांवर बांधलेली घरे इथल्या गल्ल्यांतून जागोजाग दिसतात. अशा एखाद्या गल्लीत उभे राहून पाहावे. मोटार आत घेता यावी म्हणून फाटकापुढे, पुष्कळदा पदपथावरच, काँक्रीटची उतरण केलेली असते; आणि त्याच घरातील माणसांना दारापर्यंत जाण्यासाठी मात्र दोन-तीन पायऱ्या! मोटारीच्या चाकांची आपण जितकी काळजी वाहतो, तितकी चाकाच्या खुर्चीची वाहत नाही.

अपंग व्यक्तींच्या स्वतंत्र राहणीस अनुकूल अशा घराचा विचार मी या पायऱ्यांपासून आरंभीत आहे. स्वतंत्र राहणे म्हणजे एकटे राहणे नव्हे. घराची किल्ली आपल्या कनवटीला असावी, मनात येईल तेव्हा बाहेर पडता यावे, स्नानास जाताना कोणास हाक मारावी लागू नये, इतकाच त्याचा अर्थ.

याच जे. पी. नगरात मोबिलिटी इंडिया ही १९९४ साली स्थापन झालेली संस्था आहे. कृत्रिम अवयव व चाकाच्या खुर्च्या पुरविणे आणि त्या कामाचे तंत्रज्ञ घडविणे हे तिचे कार्य. तिची वास्तूही अपंगांना विनासायास वावरता यावे अशा बेताने उभारलेली आहे. परंतु अशा संस्थेतून नवा पाय घेऊन माणूस ज्या घरी परततो, ते घर जुनेच असते.

महाराष्ट्रातही या क्षेत्रात मोठे काम झाले आहे. श्रीमती नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था काढली. खडकीस पंगू सैनिकांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र चालू आहे. अशा संस्थांचे ऋण मोठे आहे. तथापि २०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख भरली. इतक्यांसाठी वसतिगृहे कोणी बांधावीत? आणि का बांधावीत? त्यांतील बहुतेकांना घर आहेच. ते घर त्यांना आत-बाहेर करू देत नाही, ही अडचण आहे.

आता थोडे गणित. उतरणीचे मान्य प्रमाण एकास बारा असे आहे. जोते दीड फूट उंच असेल, तर अठरा फूट लांबीची उतरण लागते. घर कागदावर असताना ही जागा काढता येते, किंवा जोतेच कमी उंचीचे ठेवता येते. घर उभे राहिल्यावर दोन्ही मार्ग जवळजवळ बंद होतात. दार तीन फूट मोकळे असावे. खुर्ची वळण्यास पाच फुटांचे वर्तुळ लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे न्हाणीघराचे दार बाहेर उघडावे. आत पडलेल्या माणसाच्या अंगानेच आतले दार अडते, आणि मदतीस आलेला बाहेर ताटकळतो. यात खर्च कसला? बिजागरी कोणत्या बाजूस ठोकावी, एवढाच प्रश्न.

जे घर पुढे फोडावे लागत नाही, ते विटा, सिमेंट व पैसा तिन्ही वाचविते. पर्यावरणाशी या विषयाचा संबंध असा साधा आहे. दुसराही संबंध आहे. मज्जारज्जूस गंभीर इजा झालेल्यांपैकी अनेकांना इजेच्या खालच्या भागात घाम येत नाही. त्यांच्या बाबतीत सावली आणि वाहता वारा ही चैन नसून प्रकृतीची गरज असते. सूर्यशक्तीने पाणी तापविणारे बंब बंगळुरात पुष्कळ आहेत. पण ज्याच्या पायांना संवेदना नाही, त्यास त्या कढत पाण्याने भाजल्याचे कळतही नाही. तिथे गार-गरम पाणी आपोआप बेताचे करणारी तोटी बसविलीच पाहिजे.

खासगी घरात शासनाने किती डोकवावे, असा आक्षेप आम्हा सरकारी नोकरांच्या कानी नेहमी येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने गृहयोजनांत पाच टक्के आरक्षण दिले, त्यात अपंग स्त्रियांना अग्रक्रमही दिला. परंतु सुगम्यतेच्या बाबतीत त्याचा भर सार्वजनिक इमारतींवर आहे. उलट पावसाच्या पाण्याकडे पाहा. २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि बंगळुरात तीस गुणिले चाळीसच्या भूखंडावरील नव्या घरासही पर्जन्यजलसंचय बंधनकारक झाला. लोक प्रथम कुरकुरले असतील. पण आज नव्या घराच्या नकाशात पाण्याची टाकी असते. त्याच नकाशावर तळमजल्याचे एक दार बिनपायरीचे आणि एक न्हाणीघर रुंद दाराचे दाखवा, एवढी अट घालणे अशक्य का वाटावे?

वरच्या मजल्याचा प्रश्न मात्र अवघड आहे. अनेक घरांत मालक खाली आणि भाडेकरू वर, आणि पाळणा नाही. भाडेकरूचा अपघात झाला, तर तळमजला सुगम असूनही त्याच्या उपयोगी पडत नाही. एकावर एक येतील अशा कोनाड्यांची जागा प्रत्येक मजल्यावर राखून ठेवावी, म्हणजे पुढे तिथे लहानसा पाळणा बसविता येईल, असा एक उपाय आहे. तोवर ती जागा कपाट म्हणून वापरता येते.