संदर्भांची संख्या आणि संशोधनाचे मोल



८ डिसेंबर २०१९ रोजी स्टॉकहोम येथे रसायनशास्त्राच्या नोबेल मानकऱ्यांची व्याख्याने झाली. लिथियम-आयन बॅटरीच्या जडणघडणीबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांचा तो गौरव होता. गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते. त्यांच्या वतीने व्याख्यान दिले ते तमिळनाडूत जन्मलेल्या अरुमुगम मंथिराम यांनी.

मंथिराम यांचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण मदुराईला झाले. १९८१ साली त्यांनी मद्रासच्या आयआयटीतून पीएच.डी. मिळविली. मदुराई कामराज विद्यापीठात काही वर्षे अध्यापन करून १९८५ साली ते ऑक्सफर्डला गुडइनफ यांच्याकडे गेले आणि पुढील वर्षी गुरूसमवेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात दाखल झाले. आज त्यांच्या शोधनिबंधांचे संदर्भोल्लेख, म्हणजेच सायटेशन, एक लाखाहून अधिक झाले आहेत. हा आकडा नेमके काय सांगतो?

संदर्भोल्लेखांची पद्धतशीर सूची युजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली प्रसिद्ध केली. एका निबंधाचा माग काढत त्याच्याशी निगडित पुढील संशोधनापर्यंत पोहोचणे, हा तिचा मूळ उपयोग. पुढे तिच्यावरून माणसांचे मोजमाप सुरू झाले. २००५ साली हिर्श यांनी एच-निर्देशांक मांडला. ज्याचा एच-निर्देशांक ५० आहे, त्याच्या ५० निबंधांना प्रत्येकी किमान ५० संदर्भ लाभलेले असतात. नेमणुका आणि बढत्या यांच्या वेळी हे आकडे पुढे येऊ लागले.

आकड्याला अर्थ आहेच. इतरांनी या कामाचा आधार घेतला, एवढे तो निश्चित सांगतो. परंतु बॅटरीवर जगभर असंख्य प्रयोगशाळा काम करतात, तर शुद्ध गणिताच्या एखाद्या शाखेत मोजकेच अभ्यासक असतात. या दोहोंची संदर्भसंख्या एका तराजूत घालणे अन्यायाचे ठरते. शिवाय आढावा घेणाऱ्या लेखाला मूळ शोधापेक्षा अधिक संदर्भ मिळणे, हेही नेहमीचेच.

म्हणून आकड्याच्या मागे जाऊन काम पाहिले पाहिजे. बॅटरीच्या धन टोकाला कॅथोड म्हणतात. गुडइनफ यांच्या ऑक्सफर्डमधील गटाने १९८० साली लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड मांडला. पण कोबाल्ट दुर्मीळ आणि महाग. लोह विपुल आणि स्वस्त. अडचण अशी, की लोहाच्या साध्या ऑक्साइडमध्ये मिळणारा विद्युतदाब २.५ व्होल्टपेक्षाही कमी. १९८७ आणि १९८९ साली मंथिराम व गुडइनफ यांनी दाखविले, की ऑक्सिजनच्या जागी मोलिब्डेट किंवा टंगस्टेट गट घेतल्यास तोच दाब ३ व्होल्ट होतो, आणि सल्फेट गट घेतल्यास ३.६ व्होल्ट. सल्फेटमधील गंधक ऑक्सिजनकडील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढते. त्यामुळे ऑक्सिजनचा लोहाशी असलेला बंध सैल होतो आणि दाब वाढतो. लोह तेच, शेजार बदलताच त्याची शक्ती बदलली.

या तत्त्वाला फळ आले ते १९९७ साली. पाढी, नंजुंदस्वामी आणि गुडइनफ यांनी लिथियम आयर्न फॉस्फेट हा पदार्थ पुढे आणला. त्यात कोबाल्ट नाही, निकेल नाही. फॉस्फरसने ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवल्यामुळे तापल्यावरही तो सहज सुटत नाही. म्हणून आगीचा धोका कमी. दोषही होते. वीजवहन मंद होते. ते कणांचा आकार सूक्ष्म करून आणि त्यांवर कार्बनचा थर देऊन सुधारावे लागले. निकेलयुक्त कॅथोडच्या तुलनेत त्यात ऊर्जा कमी साठते. तरीही आज विजेवरच्या मोटारी, बस आणि सौरऊर्जेचे साठे यांत हाच पदार्थ मोठ्या प्रमाणावर वापरला जातो.

सल्फेटवरील निबंधापासून या पदार्थापर्यंत आठ वर्षे लागली. कारखान्यांत तो स्थिरावण्यास त्याहून अधिक. दरवर्षी संदर्भ मोजून अनुदान ठरविणाऱ्या व्यवस्थेत असे काम मधल्या काळातच बंद पडू शकते. तरुण संशोधकाची निवड करणाऱ्यांनी म्हणूनच आकडा पाहण्याआधी त्याचे दोन-तीन निबंध वाचावेत आणि त्याने कोणता प्रश्न हाती घेतला आहे, हे विचारावे. मंथिराम यांच्या बाबतीत तो प्रश्न साधा होता: स्वस्त लोहाकडून महागड्या कोबाल्टचे काम कसे करून घ्यावे? लाखभर संदर्भ त्यानंतर आले.