अत्र्यांचे जोडधंदे

करी रोडला आमच्या चाळीत आजोबा एक आठवण नेहमी सांगत. गिरणीची पाळी सुटली की जिन्याखाली ‘मराठा’ उघडायचा. अंक एक, ऐकणारे पंधरा. ज्याला वाचता येई त्याने मोठ्याने वाचायचे. बाकीच्यांनी बिडी विझवून ऐकायचे.

या पत्राचे संपादक आचार्य अत्रे. त्यांच्याविषयी एक आक्षेप अजून कानावर येतो : माणूस मोठा, पण एका धंद्याला चिकटून राहिला नाही. मास्तर होता तो नाटकात गेला, सिनेमात शिरला आणि शेवटी वर्तमानपत्र काढून बसला! नाटके लिहिणाऱ्या आम्हा प्राध्यापकांनाही हा टोमणा ओळखीचा आहे. “सर, आधी पेपर तपासा!”

तेव्हा या उद्योगांचा हिशेब मांडूनच पाहू. अत्रे पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक. शिक्षणशास्त्र शिकायला लंडनपर्यंत जाऊन आलेले. मुलांना क्रमिक पुस्तके रुक्ष वाटतात, हे त्यांनी वर्गात पाहिले, म्हणून ‘नवयुग वाचनमाला’ आली. १९३३ मध्ये ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आले. समाजातल्या वेडांना हसता हसता चिमटे घेणारे. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’ या बोलपटाची कथाही त्यांचीच. १९४० मध्ये ‘नवयुग’ साप्ताहिक निघाले. सगळेच उद्योग बरकतीला आले असे नाही. गल्ला सांभाळणारा व्यापारी काही त्यांच्यात नव्हता.

पण १९५३ मध्ये या गृहस्थाने चित्रपट काढला तो कोणता? साने गुरुजींची ‘श्यामची आई’. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्यालाच मिळाले. पुढच्याच वर्षी ‘महात्मा फुले’. एक मुलाला घडवणारी आई, दुसरा मुलींसाठी शाळा काढणारा माळी! ज्यांना पुस्तक वाचता येत नव्हते, त्यांच्यापुढे मास्तरांनी तेच धडे पडद्यावर ठेवले. आणि १५ नोव्हेंबर १९५६ ला, संयुक्त महाराष्ट्राच्या ऐन लढ्यात, ‘मराठा’ सुरू झाला.

मग यांतला जोडधंदा कोणता म्हणायचा? मला तर शाळा सुटलेली कुठे दिसत नाही. वर्ग तेवढा वाढत गेला.

आमचे आजोबा मुंबईत आले तेव्हा पगाराच्या कागदावर अंगठा उठवीत. त्या जिन्याखाली, दुसऱ्याच्या खांद्यावरून मथळे पाहता पाहता, ते अक्षरे ओळखू लागले. पुढे अंक वाचून दाखवायची पाळी त्यांच्यावर आली. ती गोष्ट सांगताना ते चष्मा पुसत असत.