चार पुतळे आणि तारेचं कुंपण



 गुन्हेगारीशास्त्राचा आंतरविद्याशाखीय अभ्यास हा या परिषदेचा विषय. मी प्राध्यापक नाही. चाळीस वर्षं फौजदारी वकिली केली, तीही याच सोलापूर जिल्ह्यात. म्हणून मी माझ्या शहराबद्दल बोलतो. विषय त्यातच येईल.

आपल्यापैकी काहींनी येताना चार हुतात्म्यांचे पुतळे पाहिले असतील. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. सरकारदप्तरी ते गुन्हेगार होते. सोलापूरने त्यांना चौकात उभं केलं.

याच शहरात ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींच्या कुटुंबांना इथे तारेच्या कुंपणात ठेवलं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. मूल जन्माला यायचं ते गुन्हेगार म्हणूनच. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला, पण ‘सराईत’ हा शब्द त्या वस्तीच्या पत्त्याला चिकटून राहिला. तो मी कोर्टात अनेकदा ऐकला आहे.

तो कायदा आला त्यानंतर पाचच वर्षांनी, १८७६ मध्ये, इटलीतल्या लोम्ब्रोसो या डॉक्टरचा ग्रंथ निघाला. जन्मजात गुन्हेगार कवटीवरून आणि चेहऱ्याच्या ठेवणीवरून ओळखता येतो, असं तो मांडत होता. तिकडे कवटीत गुन्हा शोधला, इकडे जातीत. दोन्ही ठिकाणी शोधणारी माणसं हुशार होती, कष्टाळूही होती. शेजारी बसून हरकत घेणारं मात्र कुणी नव्हतं. डॉक्टर एकटा बसला तर त्याला कवटी दिसते, प्रशासक एकटा बसला तर जमात. आणि माझ्यासारखा वकील एकटा बसला तर त्याला फक्त कलम दिसतं.

हे मी अनुभवाने सांगतो. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात एका किरकोळ चोरीच्या प्रकरणात एका तरुणाचा जामीन मी करून घेतला. आदेश हातात पडला, मी खूश होतो. अट होती ऐपतदार जामीनदाराची. त्याच्या आईने पदराची गाठ सोडून घडी घालून विरलेलं रेशनकार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. सातबारा नात्यागोत्यात कुणाकडेच नव्हता. आदेश माझ्या फायलीत आणि पोरगा आत, असे पाच महिने गेले. कायद्याने त्याला सोडलं होतं, गरिबीने अडवून ठेवलं होतं. तो प्रश्न अर्थशास्त्राचा होता, समाजकार्याचा होता. मला मात्र माझं काम संपलं असं वाटलं होतं. आजही देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० मध्ये ‘प्रयास’ हा प्रकल्प सुरू केला आणि समाजकार्यकर्ते तुरुंगात जाऊन अशा माणसांच्या पाठीशी उभे राहू लागले. माझ्या त्या अशिलाला असं कुणी भेटलं नाही.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि ऐवज परत केला असेल, तर समाजसेवेची शिक्षा आहे. पण ती सेवा कुठे करून घ्यायची, त्या माणसावर लक्ष कोण ठेवणार, त्याच्या मनाचं काय होतं हे कोण पाहणार? याचं उत्तर एकट्या विधी महाविद्यालयाकडे नाही. मानसशास्त्र, समाजशास्त्र, संख्याशास्त्र आणि प्रयोगशाळा यांची मुलं एका वर्गात, एकाच प्रकरणाच्या कागदांभोवती बसली पाहिजेत. पंचनामा कसा लिहितात हे रसायनशास्त्राच्या मुलीला कळलं पाहिजे आणि कायद्याच्या मुलाने वस्तीत जाऊन यायला हवं.

वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या माणसांनी असं एकत्र येणं अशक्य नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळ, १९३९ मध्ये औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या साथीने स्वतंत्रपूर वसवलं. गंभीर गुन्ह्यांतले कैदी उघड्या माळावर, बेड्यांशिवाय, बायकामुलांसह राहून शेती करू लागले. त्याच माणदेशातल्या गदिमांनी पुढे या प्रयोगावरून ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट लिहिला, शांतारामबापूंनी तो १९५७ मध्ये पडद्यावर आणला. चित्रपट सगळ्यांना माहीत आहे, वसाहत फार थोड्यांनी पाहिली आहे. ती आजही चालू आहे.

तेव्हा स्वागताध्यक्ष म्हणून माझी एकच विनंती आहे. परिषद संपल्यावर, परवा सकाळी सहा वाजता, कारागृह विभागाच्या परवानगीने आपली बस स्वतंत्रपूरला जाणार आहे. निबंध वाचून लगेच परतीची गाडी धरू नका. जेवणाच्या सुट्टीत नोंदणी कक्षात नावं द्या, आणि शक्यतो आपल्या विषयाबाहेरच्या माणसाशेजारी बसा.